एकट्याच्या खोलीत काय शिजवावे आणि काय विकत आणावे

निपाणीकडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात पाळीने काम करतात आणि अनगोळमध्ये दोन सहकाऱ्यांसोबत खोली घेऊन राहतात. खोलीत एक इंडक्शन शेगडी आणि दोन-तीन भांडी आहेत. दुपारचे जेवण खानावळीत होते. सकाळी आणि रात्री मात्र नूडल्स, पाकिटातले उप्पीट, पाव आणि नाक्यावरच्या गाडीवरची उकडलेली अंडी यांवर भागते. निदान अंडी उकडायला आणि भात लावायला शीक, असा घरून आईचा आग्रह आहे. त्यांनी अंडी उकडून पाहिली, परंतु ती कधी फुटतात, कधी आत कच्ची राहतात आणि सोलताना निम्मा पांढरा भाग टरफलाबरोबर निघून जातो. म्हणून ते विचारतात की, वेळ, वीज आणि नासाडी हिशोबात धरली तर तयार वस्तूच परवडत नाहीत का, आणि शिकायचेच असेल तर नेमके किती शिकावे.

या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मी बेळगावात खानावळ चालवतो आणि माझ्याकडे जेवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी व कामगारांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना खोलीवर जमेल एवढा स्वयंपाक शिकवतो. खानापूर, चिकोडी, निपाणी, चंदगड अशा भागांतून पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली ही मुले ‘स्वयंपाक’ म्हटले की आईने वाढलेले संपूर्ण ताट डोळ्यांसमोर आणतात: भाकरी, भाजी, आमटी, भात, चटणी, कोशिंबीर. मग त्या ताटाची तुलना ती पाच मिनिटांत होणाऱ्या पाकिटाशी करतात. एवढे ताट करायला रोज दीड-दोन तास लागणार असतील तर पाळी करून आलेला माणूस पाकीटच फोडणार, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण तुलनाच मुळात अशी करायची नसते. त्या ताटातली कोणती वस्तू स्वतः करण्यात फायदा आहे आणि कोणती दुसऱ्याच्या हातची घेण्यात शहाणपण आहे, हे एकेक वस्तू वेगळी काढून पाहावे लागते.

त्यासाठी मी एकच कसोटी लावतो. ज्या पदार्थाला केवळ पाणी, उष्णता आणि वेळ लागतो तो शिजवलेला विकत घेऊ नये. ज्याला सराव झालेला हात, दळण, वाटण, उन्हातले वाळवण किंवा रात्रभराचे आंबवणे लागते तो बिनदिक्कत विकत घ्यावा. अंडी, भात, मुगाची डाळ, बटाटे, रताळी, भिजवलेले मूग हे सगळे पहिल्या बाजूला येतात. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, कांदा-लसूण मसाला, पापड, इडली-डोशाचे पीठ, दही हे दुसऱ्या बाजूला येतात. भाकरी थापायला शिकणे उत्तमच. पण ज्याला अजून अंडे उकडता येत नाही त्याने भाकरीपासून सुरुवात केली तर आठवडाभरात तो शिकणेच सोडून देतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आपल्याकडे महिला बचत गटांच्या आणि घरगुती भाकरी विकणाऱ्यांच्या भाकऱ्या सहज मिळतात. कडक भाकरी तर कोरड्या डब्यात कित्येक दिवस राहते. ती विकत घेण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

तयार अन्न म्हणजे आळस, असेही मी मानत नाही. आपल्या सीमाभागातल्या घरांत तयार अन्न पूर्वीपासून होते. फरक एवढाच की ते घरातल्याच बायका करून ठेवत. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, पापड वाळत, मेतकुटाची आणि भाजणीची पिठे दळून येत, शेंगांची, जवसाची आणि कारळ्याची चटणी बरण्यांत भरली जाई, आणि ऐनवेळी कोणी आले तर चुरमुरे होतेच. बाजारातली पाकिटे त्याच गरजेतून आली. बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्सने, म्हणजे १९२४ साली सुरू झालेल्या एमटीआर या उपाहारगृहाने, पुढे तयार पिठे विकायला सुरुवात केली. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी नुसती गरम करून खाता येतील आणि महिनोन्‌महिने टिकतील अशी पाकिटे विकसित केली. बर्फात पहारा देणाऱ्या जवानाला त्यांचा मोठाच आधार आहे. अनगोळच्या खोलीत, खाली दुकान आणि चार पावलांवर भाजीवाली असताना, तेच पाकीट रोज लागते का, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

आता तुमच्या नेहमीच्या नूडल्सकडे याच कसोटीने पाहू. तिथेही पाणी उकळावे लागते, भांडे घासावे लागते आणि पाच-सात मिनिटे जातातच. वाचते ती फक्त फोडणी आणि चिरणे. त्याच्या बदल्यात काय मिळते, ते पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेले असते आणि ते वाचण्याची सवय लावून घ्यावी असे मी सर्वांना सांगतो. तेथे दर १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते पाहा. समजा १२०० लिहिले आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे, तर त्या एका पाकिटातून ८४० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते, म्हणजे हे दोन ग्रॅमांहून थोडे अधिक मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात एकूण पाच ग्रॅमांपेक्षा कमी मीठ खावे. रात्री दोन पाकिटे खाणारा तरुण त्या एका बसणीत दिवसाचा बहुतेक वाटा संपवतो, आणि दुपारच्या खानावळीतली आमटी, लोणचे, पापड अजून मोजलेलेच नसतात. प्रथिनांचे म्हणाल तर साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. नूडल्सच्या पूर्ण पाकिटातही साधारण तेवढीच येतात, पण त्यासोबत मैदा आणि तेल बरेच येते. म्हणून मी असे म्हणणार नाही की नूडल्स कधीच खाऊ नयेत. मी म्हणेन की ज्या दिवशी खाल त्या दिवशी मसाल्याची पुडी अर्धीच टाका, मूठभर चिरलेला कोबी किंवा गाजर घाला आणि वर एक अंडे सोडा. पण ते नियमित जेवण होऊ देऊ नका.

विजेचा हिशोब तुम्ही विचारला आहे, तोही करून टाकू. १८०० वॅटची शेगडी पूर्ण ताकदीवर सलग दहा मिनिटे चालली तर ०.३ युनिट वीज लागते. अंडी उकडताना उकळी आल्यावर शेगडी निम्म्याहून खाली आणायची असते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच लागते. तुमच्या हेस्कॉमच्या बिलावर युनिटचा जो दर असेल त्याने गुणा आणि गाडीवरचे उकडलेले अंडे व दुकानातले कच्चे अंडे यांच्या किमतीतल्या फरकाशी ताडून पाहा. चार अंडी एकदम उकडली तर वीज हे कारण उरत नाही. वेळेचेही तसेच आहे. अंडी पाण्यात सोडणे आणि बाहेर काढणे ही दोन-तीन मिनिटांची कामे आहेत, मधली दहा मिनिटे तुम्ही आंघोळ करू शकता किंवा कपडे इस्त्री करू शकता. थांबण्याचा वेळ आणि राबण्याचा वेळ वेगळा धरला म्हणजे स्वयंपाकाची अर्धी धास्ती कमी होते.

राहिली नासाडी. तिचे कारण तुमच्या हातात कसब नाही हे नसून पद्धतीत आहे, आणि ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

बहुतेक जण थंड पाण्यात अंडी ठेवून शेगडी लावतात आणि कोणीतरी सांगितलेली मिनिटे मोजतात. या पद्धतीत पाणी किती आहे, भांडे जाड की पातळ, शेगडी किती ताकदीची, यांवर सगळे अवलंबून राहते. तुमच्या आईच्या गॅसवर जे दहा मिनिटांत होते ते तुमच्या इंडक्शनवर सात मिनिटांत होईल किंवा चौदा मिनिटांतही. म्हणून मी नवशिक्यांना उलट्या क्रमाने शिकवतो: आधी पाणी खळखळ उकळू द्यायचे, मग अंडी सोडायची, म्हणजे वेळ नेहमी एकाच ठिकाणापासून मोजता येते. चार अंड्यांना ती पूर्ण बुडून वर बोटभर राहील एवढे पाणी घ्या. पाण्याला जोराची उकळी आली की शेगडी मध्यम करा आणि अंडी पळीत घेऊन एकेक करून तळाशी अलगद ठेवा. वरून टाकू नका. उकळी क्षणभर बसते. ती परत आली की घड्याळ पाहा. तेथून नऊ मिनिटांत बलक घट्ट पण मधोमध किंचित मऊ राहतो आणि अकरा मिनिटांत पूर्ण बसतो. शेगडी बंद करा, गरम पाणी सांभाळून ओता आणि भांडे नळाच्या गार पाण्याने दोनदा भरा. पाच मिनिटे अंडी त्या पाण्यात राहू द्या. हे शेवटचे पाऊल अनेक जण गाळतात, पण बाहेर काढलेले अंडे आतल्या उष्णतेने शिजतच राहते, आणि ते थांबवणे हाही शिजवण्याचाच भाग आहे.

ही मिनिटे मी बेळगावची सांगतो आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला पाणी उकळण्याचे तापमान साधारण एका अंशाने उतरते, त्यामुळे आपल्याकडे उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. मुंबईच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या माणसाने सांगितलेल्या वेळेत येथे मिनिटभराची भर घालावी लागते. डाळ तर उघड्या भांड्यात येथे जास्तच वेळ घेते, आणि कुकर वापरण्याचे एक कारण हेच आहे की आतल्या दाबामुळे पाण्याचे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते.

आता तुमच्या तीन तक्रारी एकेक करून घेऊ. अंडी फुटतात त्याची मुख्य कारणे दोन: फ्रिजमधले थंडगार अंडे थेट उकळत्या पाण्यात जाणे, आणि मोठ्या आचेवर अंडी एकमेकांवर व तळावर आपटणे. प्रत्येक अंड्याच्या बोथट टोकाला हवेचा छोटा कप्पा असतो. ती हवा अचानक तापून फुगली की टरफलाला तडा जातो. म्हणून अंडी फ्रिजमध्ये असतील तर अर्धा तास आधी बाहेर काढा, आणि पाणी खळखळण्याऐवजी मंद उकळत राहील एवढीच आच ठेवा. स्वस्त इंडक्शन शेगड्या कमी आचेवर सतत तापत नाहीत, थांबून थांबून जोरात तापतात. तुमची तशी असेल तर अगदी खाली न जाता ८०० वॅटच्या आसपास ठेवून पाहा. पाण्यात चमचाभर मीठ घातल्याने अंडे फुटायचे थांबत नाही, पण फुटलेच तर बाहेर येणारा पांढरा भाग लवकर गोठतो आणि तडा बुजतो, एवढा त्याचा उपयोग आहे.

आत कच्चे राहण्याचे कारण वर आलेच: वेळ चुकीच्या ठिकाणापासून मोजली जाते. पांढरा भाग ६२ अंशांपासून घट्ट होऊ लागतो आणि ८० च्या सुमारास टणक होतो, बलक ६५ ते ७० अंशांदरम्यान बसतो; पण बलक मध्यभागी असल्यामुळे त्याच्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. उलट टोकाला जाऊन वीस मिनिटे उकडले तर बलकाभोवती हिरवट-काळे कडे येते आणि गंधकाचा वास सुटतो. पांढऱ्या भागातले गंधक आणि बलकातले लोह यांच्या संयोगाने ते होते. त्याने अपाय होत नाही, परंतु चव आणि पोत दोन्ही बिघडतात. ज्यांना अर्धकच्चे अंडे आवडते त्यांना मी घरी ते खाण्यापासून अडवत नाही, पण अंडी किती दिवसांची आहेत हे माहीत नसताना, आजारी माणसाला, लहान मुलाला किंवा गरोदर बाईला मात्र पूर्ण बसलेलेच अंडे द्यावे.

सोलण्याची अडचण गमतीची वाटेल, पण ती बहुधा अंडे फारच ताजे असल्यामुळे येते. नुकत्याच घातलेल्या अंड्याचा पांढरा भाग टरफलाखालच्या पापुद्र्याला घट्ट चिकटून असतो. दिवस जातील तसा टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतला कर्बवायू बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि पापुद्रा सुटू लागतो. म्हणून गावाहून आईने पाठवलेली घरच्या कोंबडीची अंडी पोळ्यासाठी किंवा भुर्जीसाठी ठेवा आणि उकडायला दुकानातली, चार-सहा दिवस झालेली वापरा. उकळत्या पाण्यात सोडलेली अंडी थंड पाण्यापासून तापवलेल्या अंड्यांपेक्षा सोपी सोलतात, ही या पद्धतीची दुसरी बाजू. सोलताना बोथट टोकापासून सुरुवात करा, कारण तेथे हवेच्या कप्प्यामुळे नखाला पापुद्रा सापडतो, आणि अंडे पाण्याच्या भांड्यात धरून सोला.

अंडे जुने आहे का याची शंका आली तर ते पाण्याच्या पेल्यात सोडून पाहा. आडवे पडले तर ताजे, तळाशी उभे राहिले तर जरा जुने पण उकडायला चांगले, वर तरंगले तर टाकून द्या. पावसाळ्यात आपल्याकडे आठवडे-आठवडे दमट हवा असते. ओल्या ट्रेमधली, डागाळलेली किंवा तडकलेली अंडी घेऊ नका. आणल्याबरोबर धुऊन ठेवू नका, उकडण्याच्या आधी धुवा. खोलीत फ्रिज नसेल तर त्या वेळी खायची तेवढीच अंडी उकडा, कारण उकडलेले अंडे कच्च्या अंड्यापेक्षा लवकर खराब होते. फ्रिज असेल तर टरफलासकट आठवडाभर राहते. गाडीवरच्या अंड्यांबाबत मला एवढेच म्हणायचे आहे की समोर गरम पाण्यातून काढलेले अंडे खुशाल खा, पण सोलून तासन्‌तास उघडे ठेवलेले खाऊ नका.

अंड्यावर मी इतका वेळ घालवला, कारण माझ्या पाहण्यात ज्याला अंडे नीट उकडता आले त्याला पुढचे बहुतेक सगळे येते. उकळी ओळखणे, आच कमी करणे, वेळ एका ठरावीक क्षणापासून मोजणे आणि शिजणे थांबवणे या चारही गोष्टी त्यात आहेत. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत मुलांना मधल्या जेवणासोबत उकडलेले अंडे किंवा केळे दिले जाते. तेथे शेकड्यांनी अंडी उकडणाऱ्या स्वयंपाकी बाया याच चार गोष्टी सांभाळत असतात, भांडे तेवढे मोठे असते.

पुढचा धडा भाताचा. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, दोन वाट्या पाणी घाला, उकळी आली की झाकण ठेवून अगदी मंद आचेवर बारा मिनिटे आणि शेगडी बंद करून न उघडता दहा मिनिटे. दिवाळीनंतर खानापूरकडचा नवा तांदूळ येतो तेव्हा पाणी थोडे कमी घ्या, नाहीतर भात गिचका होतो. जुन्या तांदळाला थोडे जास्त लागते. उरलेला भात खोलीत रात्रभर उघडा ठेवून सकाळी खाऊ नका, कारण शिजलेल्या भातात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. भात जमला की मुगाची डाळ. ती भिजवावी लागत नाही, साध्या भांड्यातही पाऊण तासाच्या आत मऊ होते आणि कोरड्या डाळीत १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. हे दोन्ही एकाच कुकरमध्ये दोन डब्यांत लावता येते, पण कुकर घेताना त्याचा तळ इंडक्शनला चालणारा आहे ना हे पाहा. भांड्याच्या तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर ते चालते. साधे ॲल्युमिनियमचे पातेले त्या शेगडीवर तापतच नाही.

यानंतर एकच कला शिकायची राहते, आणि तिला मात्र सराव लागतो: फोडणी. तेल तापल्याची खूण म्हणजे एक मोहरीचा दाणा टाकून पाहायचा. तो लगेच तडतडला तर बाकीची मोहरी घालायची, ती फुटत आली की जिरे, मग हिंग, कढीपत्ता, मिरची, आणि आच कमी करून सर्वांत शेवटी हळद. हळद आधी घातली की करपते आणि सगळ्या पदार्थाला कडवट चव येते. लाल तिखट घालायचे असेल तर त्यापाठोपाठ लगेच कांदा किंवा पाणी घाला. ही फोडणी शिजवलेल्या डाळीवर ओतली की आमटी झाली, कालच्या, फ्रिजमध्ये ठेवलेल्या भातावर घातली की फोडणीचा भात झाला, उकडलेल्या बटाट्यात परतली की भाजी झाली, त्यात पाण्यात कालवलेले बेसन ओतून ढवळत राहिलात की पिठले झाले. दोन फोडलेली अंडी घातली की भुर्जी.

फोडणी आल्यावर पाकिटातल्या उप्पिटाची गरजही संपते. त्या पाकिटात काय असते ते वाचा: भाजलेला रवा, तेल किंवा तूप, मोहरी, सुकी मिरची, मीठ. रविवारी अर्धा किलो रवा कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. हे तुमचे स्वतःचे तयार पाकीट झाले. सकाळी फोडणी करायची, एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी उकळायचे, रवा एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळायचे आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटे वाफ आणायची. त्याहूनही लवकर होणारी वस्तू आपल्या भागात चुरमुऱ्यांची आहे. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढा, कांदा-मिरचीच्या फोडणीत परता, वर शेंगदाण्याचा कूट किंवा डाळ्याचे पीठ भुरभुरा. याला सुशीला म्हणतात. नूडल्सचे पाणी उकळेपर्यंत तो ताटात येतो. बेळगावात चुरमुरे गल्लोगल्ली मिळत असताना परगावचे झटपट अन्न आपण का शोधतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगितले पाहिजे. पुष्कळ घरमालक खोलीत अंडी शिजवू देत नाहीत आणि सोबत राहणारा एखादा शाकाहारी असतो. घरमालकाशी खोली घेतानाच स्पष्ट बोलून घ्यावे, आणि सोबत्यासाठी अंड्यांचे भांडे व पळी वेगळी ठेवावी. परवानगी नसेल तर लपूनछपून करू नका. भिजवून मोड आणलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ करा, तिच्यातही हेच धडे आहेत. काही ठिकाणी शेगडीलाच बंदी असते आणि फक्त पाणी तापवायची किटली चालते. किटलीत डाळ किंवा नूडल्स शिजवू नका, फेस वर येऊन ती बिघडते. तेथे दडपे पोहे, दही-पोहे, कडक भाकरी व शेंगांची चटणी, केळी, भाजलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग यांवर पुष्कळ भागते, आणि उरलेल्या वेळी खानावळ आहेच. रात्रपाळी संपवून पहाटे परतणाऱ्याने तर त्या वेळी काही शिजवायचा नियम स्वतःवर लादू नये. त्याने पाळीला जाण्यापूर्वी शिजवून, जेवून जावे आणि आल्यावर दूध-केळे किंवा दही-पोहे खाऊन झोपावे. दमलेल्या माणसाने गरम तेलाशी काम करू नये असे माझे ठाम मत आहे.

तिघे मिळून राहता हा तुमचा मोठा फायदा आहे, पण काम वाटून घेताना एक गोष्ट टाळा. ज्याला थोडे येते त्याच्यावर सगळा स्वयंपाक आणि बाकीच्यांवर भांडी, अशी वाटणी बहुतेक खोल्यांत होते. दोन महिन्यांनी तो कंटाळतो किंवा खोली सोडतो आणि बाकीचे पुन्हा पाकिटांवर येतात. त्याऐवजी दिवस वाटून घ्या. ज्याचा दिवस त्याने शिजवणे, भांडी आणि ओटा सगळे पाहायचे. मुलग्यांनी हे करायचे असते का, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही याचा मला आनंद वाटला. पूर्वी पुष्कळ जण विचारत.

पहिल्या पंधरवड्यात फक्त अंडी आणि भात करा, दुसरे काही नाही. सोबत विकतची भाकरी, दही, चटणी आणि एखादी काकडी किंवा मुळा घ्या, म्हणजे जेवण पूर्ण होते. त्यानंतर डाळ, मग फोडणी. नूडल्सची पाकिटे घरात ठेवायचीच असतील तर दोनच ठेवा, आजारपणासाठी किंवा मुसळधार पावसात बाहेर पडता येत नाही अशा रात्रीसाठी.

दुपारची खानावळ बंद करू नका. मी स्वतः खानावळवाला आहे म्हणून हे म्हणत नाही. शेकडो माणसांसाठी एकदम शिजवलेली भाजी, आमटी आणि समोर थापलेली गरम भाकरी एकट्याच्या खोलीत त्या खर्चात होत नाही, आणि कामाच्या मधल्या सुट्टीत शिजवणे शक्यही नसते. तुम्ही दोन वेळांचे पैसे भरत असाल आणि रात्री जात नसाल, तर मालकाशी बोलून एका वेळेचा महिन्याचा दर ठरवून घ्या. बहुतेक खानावळी तो देतात, फक्त महिना सुरू होण्यापूर्वी सांगावे लागते, कारण धान्य आणि भाजीचा अंदाज आम्हाला आधीच बांधायचा असतो.